गुलाबाची बोंडं : नाशिकमध्ये रानगुलाब लावायचा कसा आणि त्याचं फळ वापरायचं कसं

मखमलाबादला आमच्या कुंपणाशी एक कलमी गुलाब होता. एका उन्हाळ्यात वरचं कलम जळालं आणि बुंध्यातून बारीक पानांची, हातभर लांब फूट निघाली. दिरांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे खुंट (खालचं मुळांचं झाड) आणि त्यावर बांधलेलं कलम यांतला फरक त्यांना लांबूनच कळतो. "वहिनी, ही खुंटाची फूट. जंगली आहे, काढून टाका," म्हणाले. मी आज काढू, उद्या काढू करत राहिले. फेब्रुवारीअखेर त्या फुटीवर पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचे घोसच्या घोस आले आणि पाकळ्या गळल्यावर प्रत्येक देठाच्या टोकाला एक हिरवा मणी राहिला. जून उजाडेपर्यंत ते मणी तांबूस झाले. निम्मे बुलबुलांनी खाल्ले. उरलेल्यांतला एक मी दाताखाली धरला, तर आंबट, किंचित तुरट, बोराच्या सालीची आठवण व्हावी अशी चव.

नर्सरीत ज्या खुंटावर डोळा भरतात तो बहुतेक वेळा रानगुलाबच असतो. म्हणजे ज्याला आपण बी-बियाणं शोधत फिरायचं, तो अनेकांच्या अंगणात आधीच आहे आणि दर वर्षी कात्रीखाली जातो आहे. नाशिकला रानगुलाब जगवणं अवघड नाही. त्याचं फळ पावसाच्या आधी पिकवणं मात्र अवघड आहे, आणि त्यासाठी आपल्या हाताची एक जुनी सवय मोडावी लागते. या लेखातला बराच भाग त्या सवयीबद्दल आहे.

फळ कोणतं, ते आधी ओळखा

या फळाला मराठीत रूढ नाव नाही. चहाच्या पुड्यांवर 'रोझहिप' छापलेलं असतं. आमच्याकडे काम करणारे माळीमामा कपाशीवरून 'बोंड' म्हणायचे, तोच शब्द मला आवडला.

गुलाब हा सफरचंद, नाशपाती आणि स्ट्रॉबेरीच्या कुळातला. फुलाखालचा जो हिरवा पेला असतो तो फुगून बोंड होतं. वरची लाल-नारिंगी भिंत आपण खायची. आत टणक बिया, आणि बियांभोवती बारीक, ताठ केस. हे केस नीट लक्षात ठेवा, पुढे त्यांचा फार त्रास आहे. बोंडाच्या टोकाला पाच निदलांचा वाळलेला मुकुट असतो. सटाणा-मालेगावकडचं डाळिंब डोळ्यांसमोर आणा, तसाच, पण इवलासा. काही जातींत तो पिकताना गळून जातो, तरी त्याची गोल खूण राहते.

लडाखी-बाल्टी भाषेत रानगुलाबाला 'सिया' म्हणतात. सियाचीन म्हणजे रानगुलाबांची जागा. ज्या नावाने आपल्याला फक्त बर्फ आणि जवान आठवतात, त्याचा अर्थ हा आहे. हिमाचल-उत्तराखंडात 'कूजा' नावाचा पांढरा वेलगुलाब रस्त्याकडेला माजलेला दिसतो. जुन्या निघंटूंतला (औषधी वनस्पतींच्या कोशांतला) कुब्जक तोच मानतात. दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांतही एक स्वतंत्र रानगुलाब आहे. आपल्या बाजूच्या सह्याद्रीत मात्र मूळचा रानगुलाब नाही. मोगलांनी नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं खरं, पण म्हणून अंजनेरी किंवा हरिहरला पिशवी घेऊन बोंडं शोधायला जाऊ नका. तिथे लाल-काळं जे दिसेल ते घाणेरी असेल किंवा गुंज असेल. घाणेरीची कच्ची फळं विषारी, आणि गुंजेचं बी तर चावून खाल्लं तर जिवावर बेतू शकतं. स्वतः लावलेल्या झाडाचंच बोंड खायचं, हा नियम ठेवा.

दुसरी ताकीद त्याहून महत्त्वाची. कुठल्याच गुलाबाचं बोंड मुळात विषारी नाही, पण त्यावर मारलेलं औषध असतं. मोहाडी-जानोरीकडच्या पॉलीहाऊसमधला गुलाब फुलदाणीसाठी वाढवलेला असतो, खाण्यासाठी नव्हे. हारवाल्याकडच्या फुलांचंही तेच. नर्सरीतून आणलेल्या झाडावर पहिल्या वर्षी आलेली बोंडं पक्ष्यांनाही मिळू देऊ नका, कापून टाका. दुसऱ्या वर्षीपासून खा.

कोणता गुलाब लावायचा

इथे लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

युरोपातल्या पुस्तकांत बोंड म्हटलं की डॉग रोज आणि रुगोसा हे दोनच गुलाब येतात. डॉग रोजचं बोंड लांबट, दीड-दोन सेंटिमीटरचं. रुगोसाचं चेरी-टोमॅटोएवढं, गरगरीत. दोन्ही थंड मुलखातले. डॉग रोजला फुलण्यासाठी खरा हिवाळा लागतो. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात फोटो येतात, पण ती थंडी चार दिवसांची, झाडाला हवी ती चार महिन्यांची. रुगोसाला आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीचं वावडं आहे. पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, आणि हिराकस (लोहाचं खत) घालून घालून आपण थकतो. मी दोन रुगोसा मारले आहेत. तुम्ही नका मारू.

मल्टिफ्लोरा, म्हणजे आमच्या कुंपणावरचा, तो इथे उत्तम वाढतो. ओळखायची खूण पानाच्या देठाशी आहे: तिथलं उपपर्ण झालरीसारखं कातरलेलं असतं. "सात पानं म्हणजे जंगली, पाच म्हणजे कलमी" असं सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका, कित्येक कलमी गुलाबांनाही सात पर्णिका येतात. मल्टिफ्लोराचं बोंड वाटाण्याएवढंच असतं. चहाला चालतं, पाकाला निवडत बसावं लागतं. आणि हा पसरतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात सरकारनेच याला जिवंत कुंपण म्हणून वाटलं, आणि आता तिथे कित्येक राज्यांत तो उपद्रवी तण ठरला आहे. त्र्यंबक-इगतपुरीकडे रानाला लागून जमीन असेल तर लावू नका. पक्षी बिया लांब नेतात.

क्लिनोफिला हा आपल्या देशातला, उष्ण प्रदेशातला रानगुलाब. अबूच्या डोंगरापासून बिहार-बंगालच्या पाणथळीपर्यंत आढळतो, पाय ओले राहिले तरी कुरकुरत नाही. कोडाईकॅनॉलचे गुलाब-संकरक विरराघवन यांनी उष्ण हवेत टिकणारे गुलाब तयार करायला हाच वापरला. कुठे मिळाला तर डोळे मिटून घ्या. साध्या नर्सरीत मिळत नाही, गुलाबवेड्या माणसांकडून काडी मिळवावी लागते.

माझा खरा सल्ला मात्र वेगळाच आहे. नाशिकला बोंडांसाठी सगळ्यांत सोयीचा गुलाब म्हणजे पाच ते दहा पाकळ्यांचा, वर्षभर फुलणारा झुडूप-गुलाब. शास्त्रशुद्ध अर्थाने तो रान नाही, पण स्वभावाने रानाच्या जवळचा. मधले पिवळे पुंकेसर उघडे दिसले पाहिजेत, म्हणजे मधमाशी आत शिरू शकते. चाळीस पाकळ्यांच्या फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. तिथे फळ धरत नाही किंवा नावापुरतं धरतं. गुलकंदाचा गावठी गुलाब सुवासाला कितीही चांगला असला तरी बोंडांच्या कामाचा नाही.

नर्सरीत नाव विचारून फार उपयोग नाही, कारण कुंडीवरची चिठ्ठी आणि कुंडीतलं झाड यांची गाठ पडेलच असं नाही. मार्चमध्ये जा आणि मागच्या बाजूला, जिथे कुणी कात्री फिरवलेली नाही अशा दुर्लक्षित कुंड्या बघा. ज्या झाडावर जुनी नारिंगी बोंडं लटकलेली दिसतील ते झाड उचला. त्याने फळ धरून दाखवलं आहे, आणखी काय हवं.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'निळ्या गुलाबाच्या बिया' सोडून द्या. परदेशातून बियांची पाकिटं मागवू नका. २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यांना रीतसर परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो.

कात्रीचं वेळापत्रक

दसरा झाला की नाशिक जिल्ह्यात कात्र्या निघतात. ऑक्टोबर छाटणी इथल्या माणसाच्या अंगात आहे. द्राक्षाला ती हवीच, आणि बारमाही गुलाबालाही ती मानवते. पण मल्टिफ्लोरा, कूजा आणि बहुतेक खरे रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात, आणि तेही मागच्या वर्षीच्या काडीवर. ऑक्टोबरमध्ये ती काडी कापली की फेब्रुवारीचं फूल गेलं आणि फुलाबरोबर बोंडही गेलं. पहिली फळं पाहिल्यावर पुढच्या वर्षी मी उत्साहाने मल्टिफ्लोराची दिरांकडून छान छाटणी करून घेतली. झाड हिरवंगार झालं, फूल एकही नाही. दोष त्यांचा नव्हता, माझाच.

एकदाच फुलणाऱ्या जातींची आणखी एक अडचण आहे. हिमाचलात रानगुलाब उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो आणि बोंडं थंडीच्या सुरुवातीला पिकतात, कोरड्या हवेत. नाशिकला फूल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. फुलापासून बोंड पिकेपर्यंत साधारण १०० ते १२० दिवस लागतात. म्हणजे ऐन रंग भरण्याच्या वेळी मृगाचा पाऊस. बोंडं मऊ पडतात, फुटतात, बुरशी येते. थोडी लवकर, नारिंगी झाल्या झाल्या तोडली तर निम्मी तरी हाती लागतात.

बारमाही झुडूप-गुलाब इथे बाजी मारतो. त्याला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटा. सहा-सात आठवड्यांत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिला बहार येतो. तो बहार अजिबात तोडायचा नाही. मार्चच्या मध्यावर बोंडं तयार, हवा कोरडी, ऊन चांगलं पण अजून भाजून काढणारं नाही. वाळवणाला याहून चांगले दिवस नाहीत. द्राक्षाचं गणित ज्याला माहीत आहे त्याला हे सांगावंही लागणार नाही. छाटणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस जवळपास तेवढेच.

छाटणी हलकी, एक तृतीयांशाहून जास्त नको. वाळलेल्या आणि आत वळलेल्या काड्या बुडापासून, बाकीच्या बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरक्या. मल्टिफ्लोरा आणि कूजा मात्र फळ उतरवल्यावरच, पावसाच्या सुरुवातीला विरळ करा, आणि तेही तीन-चार वर्षांच्या म्हाताऱ्या काड्या काढून. नव्या लांब काड्यांना हात लावायचा नाही.

बहार तोडायचा नाही म्हटलं की घरात प्रश्न येतो देवाच्या फुलांचा. सासूबाईंची परडी सकाळी साडेसहाला बाहेर पडते, आणि आठ फुलं गेली म्हणजे आठ बोंडं गेली. यावर आम्ही तोडगा काढला. देवासाठी गावठी गुलाब आणि जास्वंद. कुंपणाच्या गुलाबाच्या फक्त पाकळ्या घ्यायच्या, त्याही फूल उमलून दोन दिवस झाल्यावर. बोटांनी अलगद ओढल्या की सुटून येतात. मधला पिवळा गोंडा आणि खालचा पेला तसाच राहतो. तोवर माशीचं काम झालेलं असतं. पाकळ्यांचा गुलकंदही होतो आणि बोंडही धरतं.

लागवड

काडीपासून झाड करणं सगळ्यांत सोपं. नोव्हेंबर ते जानेवारीत पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंचांची पक्की काडी घ्या, चार-पाच डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा तिरका. म्हणजे उलटी लावायची चूक होत नाही. खालची पानं काढा. मूळ फुटायची पावडर असेल तर लावा, मल्टिफ्लोराला नसली तरी चालते. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीखाली जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. वरून बूड कापलेली पाण्याची बाटली उपडी घाला. सहा-आठ आठवड्यांत मुळं धरतात. नवी पालवी दिसली म्हणून काडी उपटून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. काडीतल्या साठ्यावरही पालवी फुटते, थांबा.

बियांपासून करायचं असेल तर सबुरी हवी. गुलाबाचं बी थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही. मार्चच्या बोंडांतलं बी काढून, धुऊन, गर पूर्ण घालवून कागदी पुडीत ठेवा. गणपती बसायच्या आधी ओलसर वाळूत मिसळून झिपच्या पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या खणात नाही. १० ते १२ आठवडे. वाळू दाबली तर हाताला ओल लागावी, पाणी निथळू नये. पंधरा दिवसांनी एकदा उघडून बुरशी आली नाही ना ते बघा, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर कुणीतरी ओवा म्हणून फोडणीला घालेल. दिवाळीनंतर पाव इंच खोल पेरा. सगळं बी एकदम उगवत नाही. काही दोन महिन्यांनी, काही पुढच्या वर्षी. बारमाही गुलाबाचं रोप पहिल्याच वर्षी फुलू शकतं, खऱ्या रानगुलाबाला दोन-तीन वर्षं. बियांचं झाड आईसारखंच निघेल याची हमी नाही, त्यात गंमतही आहे.

जागा सहा तास उन्हाची. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. काळ्या मातीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पावसाळ्यात साचणारं पाणी, म्हणून खड्ड्याच्या तळाशी मुरूम घाला आणि झाड आजूबाजूपेक्षा अर्धा फूट उंच वरंब्यावर लावा. भराव दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, वर दोन मुठी निंबोळी पेंड वाळवीसाठी. झुडूप-गुलाबाला चार फुटांचं अंतर पुरतं; मल्टिफ्लोराला आठ फूट द्या, तरी तो दहा घेतो. लागवड सप्टेंबरअखेर, पावसाचा जोर ओसरल्यावर. गच्चीवर करायचं असेल तर अठरा इंचांची कुंडी, याहून लहान नको.

पाणी थंडीत आठवड्यातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड, पानांवर न उडवता बुडाशी. ठिबक असेल तर उत्तम. खत छाटणीनंतर एकदा आणि बोंडं धरल्यावर एकदा शेणखत, बस. नोव्हेंबरनंतर युरिया दिला तर झाड पालवीत रमतं आणि मावा बोलावतं.

कीड-रोग, खाणाऱ्याच्या नजरेने

डिसेंबर-जानेवारीत भुरी येणार. पानावर पिठी दिसली की पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या गारव्यात. द्राक्षवाल्याच्या घरात ते असतंच. ऊन तापू लागल्यावर गंधक मारलं तर पानं भाजतात. बोंडं रंग धरू लागली की गंधकही बंद. त्यानंतर नुसतं पाणी आणि निंबोळी अर्क, तोही तोडणीच्या पंधरा दिवस आधी थांबवायचा. मार्चपासून लाल कोळी पानांच्या मागे जाळी करतो. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पानांची पाठ धुतली तर बराच आटोक्यात राहतो. पावसात काळे ठिपके पडून पानं गळतात, ती गोळा करून जाळा, झाडाखाली ठेवू नका.

आंतरप्रवाही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात, धुऊन जात नाहीत. खायच्या झाडावर ती एकदाही नको. शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीच्या दिवशी वारा कुठून आहे ते बघा, आणि मधे शेवग्याची किंवा गिरीपुष्पाची ओळ लावा.

तोडणी आणि ते केस

बोंड पूर्ण लाल किंवा गडद नारिंगी झालं, दाबल्यावर किंचित दबलं की तयार. फार मऊ झालेलं नको. देठ कात्रीने कापा, ओढू नका. थंड देशांत हिम पडल्यावर बोंडं गोड होतात म्हणून वाट बघतात. आपण धुतलेली बोंडं एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवली तरी गर मऊ पडतो आणि आंबटपणा थोडा उतरतो.

आता केस. युरोपातली व्रात्य पोरं हे केस एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकत. आपल्याकडे खाजकुइली आहे, हे तिचं धाकटं भावंड समजा. पहिल्या वर्षी मी हातमोजे न घालता दीड किलो बोंडं साफ केली आणि रात्रभर बोटांच्या बेचक्यांत खोबरेल चोळत बसले. ते केस पोटात गेले तर घसा आणि आतडंही तसंच चुरचुरतं. मोठं बोंड असेल तर उभं चिरा, लहान चमच्याने बिया-केस खरवडा, आणि मग गाळणीत वाहत्या पाण्याखाली चोळा. लहान बोंडं चिरत बसू नका. ती अख्खीच उकळा आणि दुहेरी मलमलीतून दोनदा गाळा. एकदा गाळून भागत नाही.

वाळवायची असतील तर चिरून साफ केलेल्या अर्धुकांवर पातळ कापड टाका आणि सावलीत, वारा खेळेल तिथे चार-पाच दिवस ठेवा. कुरडयांसारखी कडक उन्हात नको, रंग आणि जीवनसत्त्व दोन्ही उडतं. वाकवलं की तुकडा पडला पाहिजे. मग जाड चाळणीत घोळवा, उरलेसुरले केस खाली पडतील. काचेच्या बरणीत, अंधारात, वर्षभर टिकतात.

स्वयंपाकघरात

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला बाहेरून येणारी संत्री जवळपास बंद झाली, तेव्हा १९४१पासून तिथल्या सरकारने शाळकरी मुलांकडून कुंपणांवरची बोंडं गोळा करवली आणि त्यांचा पाक करून लहान मुलांना वाटला. त्या पाकाची रीत आजही तीच चालते. आपल्या मापात ती अशी बसते.

अर्धा किलो बोंडं घ्या. जवळपास एक लिटर पाणी आधी उकळत ठेवा. पाण्याला खळखळून उकळी आली की बोंडं मिक्सरमध्ये जाडसर फिरवून लगेच त्यात टाका. आधी वाटून ठेवू नका. चिरलेल्या बोंडातलं क जीवनसत्त्व हवेत पटापट उतरतं. पुन्हा उकळी आली की गॅस बंद, झाकून १५ मिनिटं. दुहेरी मलमलीतून गाळा. चोथ्यावर अर्धा लिटर उकळतं पाणी घाला, १० मिनिटांनी पुन्हा गाळा. दोन्ही रस एकत्र करून स्वच्छ फडक्यातून आणखी एकदा काढा. मग मंद आचेवर आटवून अर्धा लिटर करा, ३०० ग्रॅम साखर घाला, पाच मिनिटं उकळा आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या लहान बाटल्यांत गरम असतानाच भरा. साखर बेताची असल्यामुळे उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आठ-दहा दिवसच.

भांडं स्टीलचं. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी कितीही नावाजलेली असोत, इथे ती खाली उतरवू नका. आंबट रस तांब्याला लागला की रस बिघडतो, आणि तांबं क जीवनसत्त्वाचा नाशच करतं.

स्वीडनमध्ये वाळलेल्या बोंडांचं दाटसर गोड सूप करतात, तुर्कस्तानात चहा आणि मुरांबा. आमच्या घरात मात्र सार जिंकलं. वाटीभर ताजी, साफ केलेली बोंडं दोन वाट्या पाण्यात शिजवून, घोटून, गाळून घ्यायची. तुपात जिरं, कढीपत्ता, एक सुकी मिरची, चिमूट हिंग, त्यावर हा रस, गूळ आणि मीठ. एक उकळी, वरून कोथिंबीर. आमसुलाच्या सारापेक्षा सौम्य, रंगाला भगवा. मुगाच्या खिचडीबरोबर घ्या. मुरांबा करायचा तर गराच्या निम्म्या वजनाएवढी साखर आणि लिंबाचा रस; नुसता बोंडांचा फार गोडमिट्ट होतो, म्हणून मी चौथा भाग किसलेला कच्चा पेरू घालते.

चहासाठी वाळलेल्या बोंडांची दोन चमचे भरड एका कपाला, उकळतं पाणी ओतून १० मिनिटं झाकायची, आणि गाळणीत मलमलीचा तुकडा ठेवून गाळायची. दूध घालू नका, फाटतं.

औषध म्हणून किती खरं

रानगुलाबाच्या ताज्या बोंडांत १०० ग्रॅममागे क जीवनसत्त्व साधारण ४०० मिलिग्रॅमच्या पुढे धरतात; जातीनुसार, पिकण्यानुसार फार कमीजास्त होतं. पेरूत त्याच्या निम्मं, पण पेरू आपण कच्चाच खातो, आणि आवळा तर बोंडाच्या तोडीस तोड आहे. वाळवताना, उकळताना बरंचसं जातं. तेव्हा नुसत्या क जीवनसत्त्वासाठी नाशिककराने गुलाब लावायची गरज नाही, बाजारात आवळे आहेत. बोंडाने सर्दी बरी होत नाही. गरम चहाने घशाला बरं वाटतं, एवढंच.

सांधेदुखीचं मात्र थोडं वेगळं आहे. डॉग रोजच्या बोंडांच्या पुडीच्या चाचण्या झाल्या आहेत. २००८मध्ये तीन चाचण्यांतल्या २८७ रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा सांध्यांची झीज असलेल्यांना वेदनेत लहानसा पण खरा उतार दिसला. मात्रा रोज पाच ग्रॅम, आणि ती तीन-चार महिने. दोन गोष्टी ध्यानात घ्या. ती पुडी ठरावीक पद्धतीने, कमी तापमानात तयार केलेली होती आणि डॉग रोजची होती. आपल्या कुंपणावरच्या मल्टिफ्लोराला तोच गुण असेल असं धरून चालता येत नाही. माझ्या सासूबाई गुडघ्यासाठी चहा घेतात, बरं वाटतं म्हणतात. मी त्यांची डॉक्टरांची गोळी बंद केलेली नाही.

डॉग रोज या नावाची एक कथा सांगतात. रोमन लेखक प्लिनीने याचं मूळ पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर औषध म्हणून नोंदवलं होतं. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठा, लस तिथे आहे.

मूतखडा होऊन गेलेल्यांनी पुडी किंवा दाट अर्क रोज घेऊ नये, कारण जादा क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं. थॅलेसेमिया किंवा अंगात लोह साठण्याचा आजार असेल तरी नको, त्याने लोह जास्त शोषलं जातं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारून. मधुमेह असेल तर पाक सोडा, सार गुळाविना करा. पहिल्यांदा घेताना अर्धा कप चहा घेऊन बघा. काहींना पोट ढिलं होतं.

पाकाचा चोथा कंपोस्टात टाका, पण त्यातल्या बिया उगवतील या आशेने जपू नका, त्या उकळलेल्या आहेत. बियांसाठी दहा-बारा चांगली बोंडं तोडणीच्याच दिवशी वेगळी काढून ठेवा. दिरांनी यंदा माझ्याकडून बियांची पुडी मागून नेली आहे, बागेच्या बांधाला लावणार म्हणे.